साडूच्या बेसला चाकं

देवानं माणसाला पाय दिले ही देवाची घोडचूक झाली, चाकं द्यायला पाहिजे होती, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात आहे आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला नशीबच म्हणायचं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. थोरला जावई म्हणून सासरवाडीत पहिली टॉवेल-टोपी त्याला, पहिलं ताट त्याला, मटणातली नळीही त्यालाच. मी आपला मागनं रस्सा भुरकायला. तोंडावर मी त्याला 'या साडूभाऊ, बसा साडूभाऊ' असं करतो, कारण बायको शेजारी उभी असते आणि दाजींबद्दल ती वाकडा शब्द ऐकून घेत नाही. इथं ती नाही. तेव्हा इथं मी त्याला अरेतुरेच करणार.

चौसाळ्याला त्याच्या घरी कधी गेलात तर आधी भिंतीला धरून उभं राहा. तिथं ज्या वस्तूला टेकाल ती निघून जाते. बाजेला चाकं, गव्हाच्या कोठीला चाकं, कूलरला चाकं, माठाच्या तिवईला चाकं. एकदा तर या शहाण्यानं देव्हाऱ्याला चाकं बसवली. आक्का, म्हणजे त्याची बायको, सकाळी पूजेला बसली, तिनं बाळकृष्णाला गंध लावायला हात पुढं केला की देव मागं. ती पुढं सरकली की देव आणखी मागं. अशी पूजा करत करत ती माउली देवघरातून पार न्हाणीच्या दारापर्यंत गेली. सासऱ्यांना यानं हौसेनं खुर्ची भेट दिली होती, तिलाही अर्थात चाकं. सासरे टेकले आणि खुर्चीसकट ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून थेट शेळीच्या दावणीत जाऊन थांबले. तेव्हापासून म्हातारा जमिनीवर बसतो. कुणी खुर्ची पुढं केलीच तर आधी वाकून तिच्या पायांकडं बघतो.

तुम्ही म्हणाल, असते एखाद्याला हौस. हौस कसली डोंबलाची! या चाकांच्या मुळाशी दुसरंच दुखणं आहे. हा माणूस जन्मात कुणाला 'जरा हात लावा' म्हणत नाही. मेला तरी म्हणणार नाही, आणि तिरडीलाही चाकं लावून जाईल याची मला खात्री आहे. एका लग्नात मी त्याच्या शेजारी पंगतीला बसलो होतो. ठेचा खाऊन त्याला ठसका लागला. डोळे बाहेर, नाकाला धार, तोंड वांग्यासारखं जांभळं. पण समोरून वाढपी पाण्याचा जग घेऊन गेला तरी याच्या तोंडातून 'पाणी' म्हणून निघेना. शेवटी मीच ओरडलो, "आरं, पाणी आना की ह्यांना!" पाणी पिऊन झाल्यावर आभार राहिले बाजूला, मलाच म्हणतो कसा, "कावून वरडलात पाव्हणं? त्यो येतच हुता की माघारी." दुसऱ्या खेपेला मांजरसुंब्याच्या अलीकडं याच्या मोटारसायकलचं पेट्रोल संपलं. रस्त्यानं ओळखीच्या दहा जणांनी गाड्या थांबवल्या. प्रत्येकाला यानं हात वर करून सांगितलं, "जावा तुमी, मी जरा पाय मोकळं करतोय." भर उन्हात गाडी ढकलत पाय मोकळे करणारा माणूस त्या रस्त्यानं दुसरा पाहिला नसेल.

आता मुद्द्याचं. या साडूचा धंदा लग्नात गाणी वाजवण्याचा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून सगळा संच उभा केला होता. त्यात एक बेसचा डबा होता. डबा म्हणजे काय, म्हशीच्या वगारीएवढं धूड. दोघांनी जाड प्लायवूड आणून, सुताराच्या डोक्यावर बसून तो बनवून घेतला होता आणि दोन बाजूंना दोन लोखंडी मुठी बसवल्या होत्या. एक मूठ थोरल्याची, एक धाकट्याची. दोघं एकमेकांकडं न बघता वाकायचे, न बोलता उचलायचे आणि धूड असं अलगद गाडीत जाऊन बसायचं की बघणाऱ्याला वाटावं आत कापूस भरलाय. धाकट्याला कधी 'हात लाव' म्हणावं लागायचं नाही, तो लागलेलाच असायचा. या साडूच्या ताठ्याचं मूळ तिथं आहे. त्याला मागायची सवयच कधी लागली नाही.

मग भाऊ भाऊ भांडले. शेतावरून नाही, बांधावरून नाही, बायकांवरूनही नाही. धाकट्याचं म्हणणं, गाण्यातले शब्द लोकांना ऐकू आले पाहिजेत. थोरल्याचं म्हणणं, "शब्दावर कोण नाचतंय बे? ठोका छातीत लागला पायजे." एका लग्नात थोरल्यानं बेस वाढवला, धाकट्यानं कमी केला, यानं परत वाढवला, त्यानं परत कमी केला आणि नवरी-नवरदेवाच्या समोर दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. चार शहाणी माणसं वाटणीला बसली. आता बांध घालून रान वाटायची सवय असलेल्या माणसांच्या हातात गाण्याचा संच दिला तर दुसरं काय होणार? त्यांनी निवाडा दिला की ज्याला जे आवडतं ते त्याला. ठोका आवडतो त्याला बेसचा डबा, शब्द आवडतात त्याला वरचे सगळे स्पीकर, ज्यांच्यातून गळा ऐकू येतो. आवाजाचं मशीन एकेक. दोघांनी मान हलवली, पंचांनी चहा घेतला, आणि एका गाण्याचे उभे दोन तुकडे करून मंडळी आपापल्या घरी गेली. शाबास!

धाकटा गेवराईकडं बायकोच्या गावाला निघून गेला. तिकडं तो वाजवायचा ते म्हणे मोबाईल वाजल्यासारखं किणकिणायचं. इकडं आमचे साडूभाऊ नुसता बेस घेऊन एका बारशाला गेले. धूम, धूम, धूम. गाणं कुठलं ते कुणाला कळेना, पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं आणि एका म्हातारीनं विचारलं, "कुठं इहिरीला सुरुंग लावलाय का गं?" त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. मी नेकनूरच्या बाजाराला माझ्या किराणा दुकानाचा माल भरायला जायचो, तिथून कधी चौसाळ्याला वाकडी वाट करायचो, तर हा पठ्ठ्या त्या मुक्या डब्यासमोर फडकं घेऊन बसलेला. पुसलेलाच पुसायचा. जेवण कमी झालं होतं. आक्कानं माझ्या बायकोला सांगितलं, "बोलत न्हाईत गं घरात. चाकं बसवायचंबी सोडलंय." हे मात्र गंभीर होतं. त्यात तो डबा एकट्याला हलेना, आणि गडी मागायला तोंड उघडेना.

तेवढ्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. नवरदेव गेवराईकडच्या चकलांब्याचा, लग्न आमच्या खेड्यात. बायकोनं रात्रीचं ताट पुढं ठेवता ठेवता निकाल दिला, "परण्याच्या मिरवणुकीत माझे दाजीच वाजवतील." मी म्हणालो, त्यापेक्षा दाळीचं पिंप बडवू, आवाज तोच येईल. ताट परत आत गेलं. झक मारत मी चौसाळ्याला गेलो आणि आमंत्रण दिलं. साडूनं डब्यावरून एकदा फडकं फिरवलं आणि म्हणाला, "पाव्हणं, एकट्यानं वाजवून दावतो. न्हाई जमलं तर इकून टाकतो ह्याला, आन् हा धंदाबी. परत नाव काढनार न्हाई." आक्का दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला तरी त्या वेळी काही विनोद सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन यानं चाकं आणली. मी बरोबर होतो म्हणून सांगतो. दुकानदार बिचारा भला माणूस, म्हणाला, "एवढ्या वजनाला ब्रेकवाली घ्या, आणि दोनच फिरती घ्या, दोन सरळ." साडू त्याच्याकडं असा बघायला लागला, जशी काही त्यानं शिवीच दिली होती. "ज्याला थांबायचंच हाय त्यानं चाक कशाला लावायचं? चारी फिरती द्या. चारी दिशंला गेलं पायजे." आली चारी फिरती, बिनब्रेकाची. पहिल्यांदा यानं ती नुसत्या स्क्रूवर बसवली. डबा उंबऱ्यावरून उतरला आणि चाकं उंबऱ्यातच राहिली. मग आरपार भोकं पाडून नट-बोल्ट लावायचं ठरलं. हे काम दोघांचं, एकानं बाहेरून बोल्ट धरायचा, दुसऱ्यानं आतून नट आवळायचा. मी समोर बाजेवर बसलेलो, रिकामा, दोन धडधाकट हातांचा. पण मला म्हणेल तर तो साडू कसला! त्यानं डबा गादीवर आडवा केला, स्पीकर काढला, आणि कमरेपर्यंत स्वतः डब्यात शिरला. एक पाय वाकडा करून अंगठ्याच्या बेचक्यात बाहेरचा पाना धरला. आक्का चहा घेऊन आली तर तिला डब्याबाहेर नवऱ्याचे नुसते पाय दिसले. "अहो, हात लावू का?" आतून घुमत आवाज आला, "नगं!" बेसचा तो सगळ्यात स्वच्छ ऐकू आलेला शब्द.

चाकं एकदाची बसली. लेकीच्या लग्नाच्या दिवशी तो डबा टेम्पोतून फळ्यांवरून घरंगळत खाली आला आणि साडूनं एका बोटानं तो गर्रकन फिरवून दाखवला. मांडवातली निम्मी पोरं त्याच्या भोवती. मी नवरीचा बाप, घामाघूम, आचाऱ्याला मीठ सापडत नव्हतं, आणि हा मला म्हणतो, "पाव्हणं, बघा जरा, फुलावानी हलतंय." मी मनात म्हटलं, हलतंय खरं, थांबतंय का ते बघू.

तेवढ्यात वऱ्हाड आलं. चकलांबेकरांनी आपलं वाजवणारं वेगळं आणलं होतं. त्यांच्या पिकअपमधून स्पीकर घेऊन जो माणूस उतरला तो साडूचा धाकटा भाऊ. आई शप्पत सांगतो, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण आक्का अजून माझ्याकडं संशयानं बघते. दोघा भावांनी एकमेकांना बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. एक मांडवाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. धाकट्याकडं नुसता गळा, थोरल्याकडं नुसता ठोका, आणि मधे मी माझ्या लेकीचा मुहूर्त हातात धरून.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, तो परण्या. एरवी देवळापर्यंत जायला विडी संपत नाही, पण परण्या निघाला की नाचणाऱ्यांना देवसुद्धा आवरू शकत नाही आणि मुहूर्त बिचारा मांडवात एकटा बसून राहतो. मारुती आमचा गावाच्या उंच अंगाला. चढाचा रस्ता नव्या सिमेंटचा, गुळगुळीत, पण खाली एका कडेनं नळाच्या पाइपासाठी खणून ठेवलेला, त्यामुळं गाड्या वेशीतच थांबल्या. धाकट्यानं आपले हलके स्पीकर गड्यांच्या डोक्यावर दिले, चढाच्या निम्म्यावर पाराशी मांडले आणि बारीक आवाजात गाणं चालू केलं. थोरल्यानं मात्र धोतराचा काचा मारावा तशी पँट वर ओढली आणि डब्याला खांदा लावला. वरातीतली सगळी गडीमाणसं पुढं झाली. "दादा, लावू का हात?" "व्हा बाजूला." "आवं, लई चढ हाय." "व्हा म्हनलं ना बाजूला!" घोडं पुढं गेलं, नवरदेव पुढं गेला, मागनं हा एकटा फुणफुणत, मानेच्या शिरा ताणत, चारी दिशांना पळणारं ते धूड वर रेटत होता. धाकट्याच्या अंगावरून गेला तेव्हा धाकट्यानं स्पीकरची वायर उगीचच गुंडाळून परत सोडली. साडू देवळापर्यंत पोचला, हे मला मान्य केलं पाहिजे. पोचला तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं.

देवळातून करंट घेतला. चाकांना चार दगड लावले. नवरदेव पाया पडून बाहेर आला आणि साडूनं बटण दाबलं. धूम! देवळाची घंटा आपोआप वाजली. धूम! एक दगड निघाला. पोरं नाचायला लागली. धूम, धूम, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर डबा एकेक बोट पुढं यायला लागला, नवी सून उंबऱ्यावरून माप ओलांडून घरात येते तसा, हळूच. लोकांना वाटलं, वा, काय नवीन कला आहे! शेवटचा दगड निसटला, वायर तटकन तुटली, आवाज बंद पडला आणि त्या शांततेत बेसचा डबा उतारानं खाली निघाला.

खाली कोण होतं ते सांगतो. पाराला टेकून माझ्या विहीणबाई पानाला चुना लावत होत्या. त्यांच्यामागं मांडव, मांडवात आचाऱ्याची भाताची कढई, आणि कढईपलीकडच्या खोलीत हळदीच्या अंगानं बसलेली माझी लेक. साडूनं झेप घेऊन आपली मूठ पकडली. एकच मूठ. दुसऱ्या बाजूनं डबा फिरला आणि त्यालाच घेऊन चालता झाला. चपला वर राहिल्या, हा अनवाणी फरफटत खाली. माणसं भिंतीला चिकटली. मी ओरडलो, विहीणबाई ओरडल्या, घोडंसुद्धा खिंकाळलं. ओरडला नाही तो फक्त माझा साडू. दात आवळून, गुडघे सोलवटून घेत, एकटाच जिरवत होता. आणि मग समोर पाराजवळ त्याला भाऊ दिसला. काय झालं त्याच्या मनात ते तोच जाणे. त्याचा आवाज असा फुटला की तसा मी त्याच्या बेसचाही ऐकला नव्हता.

"आरं, हात लाव की बे!"

धाकट्याचं गाणं चालू होतं. ते तसंच टाकून तो आडवा आला आणि कुणी बघायच्या आधीच त्यानं दुसरी मूठ पकडली, जशी वर्षानुवर्षं पकडत आला होता. दोघं वाकले. डबा जमिनीवरून उचलला गेला, चारी चाकं हवेत गरगरत राहिली आणि विहीणबाईंच्या पानाच्या डब्यापासून हातभर अंतरावर ते धूड अलगद खाली टेकलं. थोरला धापा टाकत होता, धाकटा त्याच्या गुडघ्याकडं बघत होता. मग धाकटा म्हणाला, "बिनब्रेकाची घेतलीस न्हवं?" थोरला म्हणाला, "गप." झाला समेट! मला वाटलं होतं गळ्यात पडतील, दोन अश्रू ढाळतील. कुठलं काय. पाराशीच डब्याशेजारी स्पीकर लागले, तारा जोडल्या, आणि कितीतरी दिवसांनी एकाच गाण्याचा गळा आणि ठोका एकत्र वाजला. शब्द ऐकू येत होते आणि छातीत धडकतही होते. विहीणबाई पान तोंडात धरून नाचल्या. माझ्या लेकीच्या डोक्यावर अक्षता पडायला ऊन कलायला आलं, आणि त्याबद्दल मी साडूला मरेपर्यंत माफ करणार नाही.

पाठवणीची वेळ आली. तुम्हाला लेक असेल तर सांगायला नको आणि नसेल तर सांगून उपयोग नाही. मी मांडवामागं तोंड लपवायला गेलो, तर तिथं साडू जमिनीवर पालथा पडलेला, आणि शेजारी धाकटा पाना धरून बसलेला. लेकीला दिलेलं लोखंडी कपाट त्यांनी आडवं केलं होतं आणि बेसच्या डब्याची चाकं काढून त्याला बसवत होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, साडूभाऊ, आज तरी पोरीच्या सामानाला सोडा!

त्यानं वर बघितलंही नाही. "पाव्हणं, नवं घर. पोरीनं कपाट सरकवायचं म्हनलं तर पयल्याच दिवशी कुनाला हात लावा म्हनायचं? आपल्या पोरीनं?" मग नट आवळत म्हणाला, "लई जड जातंय वो ते म्हनायला."

"आणि बेसला?" मी विचारलं.

"त्येला दोघं हायत."

लेक गेली. दुकानात मी गिऱ्हाइकाला साखर जोखत होतो तेव्हा तिचा फोन आला. हसत होती. म्हणाली, "आप्पा, काकांना सांगा, कपाटाचं दार उघडलं की ते आपसूक पुढं येतंय." मी म्हणालो, विटा लाव त्याच्या पायाला, त्या माणसाला अक्कल कधी येणार! ती म्हणाली, "नगं आप्पा. ऱ्हाऊ द्या. सकाळी उघडलं की माझ्याकडं येतंय. हितं अजून कुणी तसं येत न्हाई." गिऱ्हाईक साखर मागत होतं. मी त्याला म्हटलं, थांब जरा बाबा, आणि पाठ करून उभा राहिलो.